ओल्या भिंतींचे अर्थशास्त्र

पावसाळा सरत आला की मुंबईच्या उपनगरांत एक धंदा तेजीत येतो. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत रिक्षांच्या पाठीवर, विजेच्या खांबांवर आणि सोसायट्यांच्या सूचनाफलकांवर गळती थांबवून देणाऱ्यांच्या जाहिराती झळकू लागतात. पन्नाशी गाठलेल्या जुन्या इमारतींपुरताच हा धंदा असता, तर त्यात नवल नव्हते. परंतु ताबा मिळून वर्ष-दोन वर्षेच झालेल्या इमारतींतील रहिवासीही आज त्याचे गिऱ्हाईक झाले आहेत. कपाट भिंतीपासून ओढले की मागे काळी बुरशी दिसते, पुट्टीचे पोपडे हातात येतात, गादीला कुबट वास मारतो. जन्मभराची पुंजी घातलेल्या किंवा जन्मभराची झोपडी सोडून मिळवलेल्या घराची ही पहिली कमाई असते.

या प्रश्नाकडे बघण्याची रूढ रीत अशी की, मुंबईची हवाच दमट, ओल यायचीच. रहिवाशांनी खिडक्या उघड्या ठेवाव्यात, चांगला रंग लावावा आणि गप्प बसावे. आपल्या कार्यकर्त्यांपैकीही अनेकांना ही घरगुती कुरकुर वाटते; सोसायटीच्या कमिटीने बघावे, पक्षाने त्यात काय पडायचे, असे ते म्हणतात. या लेखाचा रोख या दोन्ही समजुतींविरुद्ध आहे. नव्या घरातील ओलीचा बराच मोठा भाग निसर्गाने दिलेला नाही आणि रहिवाशांच्या गलथानपणातूनही आलेला नाही. भिंतीला सुकण्यासाठी लागणारा काळ आणि दोन इमारतींमध्ये लागणारी मोकळी जागा, या दोन गोष्टी पैशात मोजता येतात. ज्याच्या हाती पैसा आहे तो त्या वाचवतो आणि ज्याच्या हाती सौदाशक्ती नाही तो त्यांची किंमत भरतो. हा वाटपाचा प्रश्न आहे, म्हणूनच तो राजकीय आहे.

पाणी येते कोठून?

प्रथम वस्तुस्थिती समजून घेऊ. नवी इमारत ही मुळात पाण्याने बांधलेली वस्तू असते. पन्नास किलो सिमेंटच्या गोणीत साधारण पंचवीस लिटर पाणी घातले जाते. त्यापैकी सिमेंटशी रासायनिक संयोग होऊन कायमचे बांधले जाणारे पाणी बारा लिटरांच्या आसपास असते. उरलेल्यापैकी काही काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांत अडकून राहते आणि बाकीचे महिनोन्‌महिने सावकाश हवेत जाते. शिवाय काँक्रीटला ताकद यावी म्हणून त्यावर पाणी मारावे लागते. भारतीय मानकाप्रमाणे साध्या सिमेंटसाठी किमान सात दिवस आणि राख वगैरे मिसळलेल्या सिमेंटसाठी दहा दिवस ते ओले ठेवायचे असते. विटांचे काम, गिलावा, लाद्यांखालचा मसाला, संडास-न्हाणीच्या खोलगट स्लॅबमधील विटांच्या तुकड्यांचा कोबा, हे सारे पाणी पितात. हे पाणी मारणे चुकीचे नाही, आवश्यकच आहे. चूक त्यानंतर सुरू होते.

या बांधकामाच्या पाण्यात दुसरे पाणी मिळते. सांताक्रूझ वेधशाळेकडे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सरासरी सव्वादोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. बाहेरच्या गिलाव्यात केसाएवढी भेग असली, खिडकीच्या चौकटीभोवतीची फट नीट भरलेली नसली, गच्चीचा उतार चुकलेला असला, तरी वाऱ्याबरोबरचा पाऊस आत शिरायला तेवढे पुरते. तिसरे पाणी नळाच्या जोडांचे आणि मोऱ्यांचे. हे बाराही महिने झिरपते आणि लादीखाली दडलेले असल्याने शेजाऱ्याच्या छतावर डाग उमटेपर्यंत कळतही नाही.

बुरशीला फारसे काही लागत नाही. तिचे बीज हवेत सर्वत्र असते. भिंतीच्या पृष्ठभागाशी आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर काही दिवस टिकली आणि खायला रंग, कागद, प्लायवूड मिळाले की ती फोफावते. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातील ओल आणि बुरशी या विषयावर स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. दमट, बुरशीच्या घरात राहणाऱ्यांना दमा आणि श्वसनाचे इतर विकार अधिक प्रमाणात होतात, असा त्यांचा निष्कर्ष आहे. तेव्हा हा केवळ रंग खराब होण्याचा प्रश्न नव्हे.

सुकण्याचा काळ कोणी खाल्ला?

आता अर्थशास्त्राकडे येऊ. पूर्वी घर बांधून झाले की एक उन्हाळा ते रिकामे ठेवायचे आणि मग राहायला जायचे, असा शहाणपणा होता. आजच्या बांधकाम व्यवसायात या उन्हाळ्याची किंमत काय होते? समजा, एका विकासकाने एका प्रकल्पासाठी शंभर कोटी रुपये वार्षिक पंधरा टक्के व्याजाने उचलले. वर्षाचे व्याज पंधरा कोटी, म्हणजे दिवसाला चार लाखांहून अधिक. इमारत सुकण्यासाठी दोन महिने थांबायचे तर अडीच कोटींचा भुर्दंड. त्यात पुनर्विकासातील जुन्या रहिवाशांना द्यावे लागणारे दरमहाचे घरभाडे मिळवा. ज्याच्यासाठी दर दिवशी मीटर चालू आहे तो भिंत सुकण्याची वाट पाहील, अशी अपेक्षा बाळगणे भाबडेपणाचे आहे. मग काय होते? ॲल्युमिनियमच्या साच्यांत आठवड्याला एक मजला चढतो. गिलावा पुरता सुकलेला नसतानाच त्यावर जिप्सम, पुट्टी आणि प्लॅस्टिक पेंटचे थर चढतात. ओल आत कोंडली जाते. ताबा देण्याच्या दिवशी भिंत आरशासारखी गुळगुळीत दिसते आणि पुढच्या श्रावणात तिचे खरे रूप बाहेर येते.

विकासकाने वाचवलेले हे दोन महिने हवेत विरून जात नाहीत. ते रहिवाशाच्या खात्यावर खर्ची पडतात. पुन्हा रंगकाम, फुगलेले फर्निचर, मुलाच्या खोकल्याची औषधे, बुडालेला रोज. दिवसाचे अठरा-वीस तास त्याच भिंतींत काढणाऱ्या बाईच्या आरोग्याचा हिशेब तर कोठेच लिहिला जात नाही. व्याज वाचवणाऱ्याला ते ताळेबंदात दिसते; भरणाऱ्याला दिसत नाही, कारण ते शंभर लहान खर्चांत विखुरलेले असते. अर्थशास्त्रात ज्याला बाह्य खर्च म्हणतात त्याचे याहून चोख उदाहरण शोधावे लागणार नाही. शिवाय हा व्यवहार अज्ञानाच्या विषमतेवर उभा आहे. भिंतीत काय आहे ते विकणाऱ्याला ठाऊक, घेणाऱ्याला नाही. अशा बाजारात चांगल्या मालाला वाईट माल हुसकावून लावतो, हे जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० सालीच दाखवून दिले. प्रामाणिकपणे वाट पाहणारा बिल्डर स्पर्धेत मागे पडतो. म्हणून व्यक्तीच्या सचोटीवर हा प्रश्न सुटणार नाही. त्यासाठी नियम लागतो.

दोन इमारतींमधले अंतर

काळाप्रमाणेच जागेचे. ओल्या भिंतीला ऊन आणि वारा हीच औषधे. १८९६च्या प्लेगनंतर, १८९८ साली, मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्या ट्रस्टने गरिबांची जितकी घरे पाडली तितकी बांधली नाहीत, हा इतिहास आपण विसरू नये. पण त्याच ट्रस्टचे एक अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१०च्या दशकात एका नियमाचा हिरिरीने पुरस्कार केला होता. तो साडेत्रेसष्ट अंशांचा प्रकाशाचा नियम. त्याचा साधा अर्थ असा की, समोरच्या इमारतीच्या उंचीच्या निदान निम्म्याइतकी मोकळी जागा खिडकीपुढे असली पाहिजे. वीस मीटर उंच इमारत असेल तर दहा मीटर.

एका शतकानंतर स्वतंत्र भारताच्या सार्वजनिक प्रकल्पांनी काय केले ते घाटकोपरहून फार दूर नसलेल्या गोवंडी-मानखुर्द भागात पाहता येते. रस्ते-रेल्वेच्या प्रकल्पांसाठी हलवलेल्या कुटुंबांना लल्लुभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड येथे घरे दिली गेली. दोन इमारतींमधले अंतर तेथे काही ठिकाणी जेमतेम तीन मीटर आहे. ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेचा त्या वसाहतींविषयीचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. घरांची रचना, हवा, उजेड आणि क्षयरोग यांचा संबंध त्यात तपासला होता. त्याच परिसरातील, अधिक मोकळ्या रचनेच्या पीएमजीपी वसाहतीशी तुलना केली असता या दोन वसाहतींत क्षयरोगाचे प्रमाण कितीतरी अधिक आढळले. ओल आणि बुरशी क्षयाचे जंतू निर्माण करीत नाही, हे स्पष्ट केले पाहिजे. पण ज्या खोलीत ऊन येत नाही आणि हवा खेळत नाही, तिथे भिंतही सुकत नाही आणि खोकल्यातून बाहेर पडलेले जंतूही बाहेर जात नाहीत. दोन्ही दुखण्यांचे मूळ त्या तीन मीटरांत आहे.

हे अंतर आपोआप कमी झालेले नाही. १९९५ साली आलेल्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेचे गणितच असे की, झोपडीधारकांना कमीत कमी जमिनीत कोंबावे, म्हणजे उरलेली जमीन विक्रीच्या इमारतीला मोकळी मिळते. घराचे क्षेत्रफळ २२५ चौरस फुटांवरून २६९ आणि पुढे ३०० झाले, ही चळवळीच्या रेट्याने मिळालेली वाढच होय. पण खोलीचे फूट वाढले आणि खिडकीपुढची मोकळी जागा आक्रसली, तर रहिवाशाच्या हाती काय लागले? फूट मोजणे सोपे असते. उजेड मोजण्याची सवय आपल्यालाही अजून लागलेली नाही.

एका भूखंडावर दोन दर्जाचे नागरिक

२०१६च्या स्थावर संपदा कायद्याने, म्हणजे रेराने, एक चांगली गोष्ट केली. त्याच्या कलम १४ प्रमाणे ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामात, कारागिरीत किंवा सेवांत दोष आढळला आणि तो कळवला, तर विकासकाने तीस दिवसांत पदरच्या खर्चाने दुरुस्त करून द्यायचा आहे. न केल्यास भरपाई द्यायची आहे. १९६३च्या महाराष्ट्राच्या ओनरशिप फ्लॅट कायद्यातही दोष दुरुस्तीची जबाबदारी बिल्डरवर होती. तेव्हा ओल आलेल्या नव्या फ्लॅटचा मालक अगदीच निःशस्त्र नाही.

पण हे शस्त्र कोणाच्या हातात आहे ते पाहा. रेराची चौकट विक्रीभोवती उभारलेली आहे. पुनर्वसनाची इमारत बाजारात विकायची नसल्याने ती नोंदणीबाहेर ठेवण्याची रीत पडली. एकाच भूखंडावर, एकाच विकासकाने, बहुधा एकाच ठेकेदाराकडून बांधलेल्या दोन इमारती. विक्रीच्या इमारतीतील ग्राहकाला पाच वर्षांची कायदेशीर हमी. झोपडीधारकाला आणि सोसायटीच्या जुन्या सभासदाला मात्र करारनाम्यातील एखाद्या कलमावर किंवा सरकारी अधिकाऱ्याच्या मर्जीवर विसंबावे लागते. ज्यांच्या जमिनीवर सगळा डोलारा उभा राहिला त्यांचीच भिंत हमीशिवाय. घाटकोपरच्या पंतनगरातील किंवा विक्रोळीच्या कन्नमवार नगरातील जुन्या गृहनिर्माण मंडळाच्या वसाहतींत राहणारा कामगार आणि अंधेरीच्या झोपडपट्टीतील कामगार, या बाबतीत एकाच नावेत आहेत.

आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप हवामानाचा. मुंबई दमट आहे हे खरेच. पण त्याच हवामानात चुन्याचा गिलावा, समोरासमोर दारे-खिडक्या आणि उघडी गॅलरी असलेल्या चाळीची भिंत पावसात भिजली तरी दिवाळीपर्यंत कोरडी होत असे. चाळीचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही; सामायिक संडासासमोरच्या रांगा कोणाला परत नकोत. पण हवामान तेच असताना भिंत वेगळी वागते, तेव्हा कारण हवामानाबाहेर शोधावे लागते.

दुसरा आक्षेप रहिवाशांच्या सवयींचा. ते म्हणे घरात कपडे वाळत घालतात आणि खिडक्या बंद ठेवतात. तीन मीटरच्या बोळातून कचऱ्याची दुर्गंधी आणि डास येत असतील तर खिडकी कोण उघडी ठेवील? आणि तीनशे फुटांत कपडे वाळवायचे कोठे? इंग्लंडमध्ये हाच दोषारोप भाडेकरूंवर होत असे. तेथील गृहनिर्माण लोकपालाने २०२१ सालच्या अहवालात, ओल म्हणजे राहणीमानाचा दोष, हे म्हणणे साफ फेटाळले. त्याआधी, डिसेंबर २०२० मध्ये, रॉचडेल येथील सामाजिक गृहसंस्थेच्या घरात दोन वर्षांचे एक मूल दगावले होते. घरातील बुरशीचा दीर्घ काळ संसर्ग झाल्याने श्वसनविकार होऊन हा मृत्यू झाला, असा निर्णय मृत्यू-चौकशीत २०२२ साली झाला. त्यातून २०२३ साली ‘अवाबचा कायदा’ आला आणि ऑक्टोबर २०२५पासून त्याच्या मुदती लागू झाल्या. जिवाला तातडीचा धोका असेल तर चोवीस तासांत कारवाई, गंभीर ओलीची तपासणी कामकाजाच्या दहा दिवसांत. १८४४ साली ज्या गावात आधुनिक सहकारी चळवळ जन्मली, तेच हे रॉचडेल. सहकाराच्या गावातही भाडेकरूच्या हक्काला कायद्याचा दात लागला, नुसत्या सद्भावनेने भागले नाही, हा त्यातला धडा.

तिसरा आक्षेप सर्वांत संतापजनक. झोपडीवाल्यांना घर फुकट मिळते, मग तक्रार कसली? हे घर फुकट नाही. त्याची किंमत वाढीव चटईक्षेत्राच्या रूपाने, आणि पुष्कळ ठिकाणी सार्वजनिक जमिनीच्या रूपाने, समाजाने चुकती केलेली असते. विकासक हा दाता नसून त्या व्यवहारातला ठेकेदार आहे. समाजाने पुरी किंमत मोजून ओला माल का स्वीकारावा?

चौथा आक्षेप आपल्यातल्याच काहींचा. भिंतीच्या पोपड्यांवरून समाजवाद येणार आहे काय? येणार नाही, हे कबूल. पण ज्या चळवळीला माणसाच्या घरातला नळ आणि भिंत दिसत नाही, तिच्या मोठ्या घोषणा ऐकायला त्या घरातून कोणी खाली उतरत नाही. गोरेगावात मृणाल गोरे पाण्याच्या प्रश्नावर उभ्या राहिल्या तेव्हाही तो क्षुल्लक नागरी प्रश्नच म्हटला जात होता. पुढे त्यांनी आणि बाबुराव सामंत प्रभृतींनी नागरी निवारा परिषदेमार्फत दिंडोशीला हजारो कुटुंबांची घरे उभी केली. कमाल जमीनधारणा कायदा महाराष्ट्राने २००७ साली निकालात काढला, तेव्हा त्या वाटेने जमीन मिळवण्याचा मार्ग बंद झाला. पण घरांचा दर्जा ठरवण्यात राहणाऱ्याचा आवाज असावा, ही त्या कामामागची भूमिका कोणत्याही कायद्याने रद्द झालेली नाही.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

पहिले काम मोजणीचे. तक्रारींना पुराव्याचे बळ हवे आणि त्यासाठी महागडी यंत्रे लागत नाहीत. संशयित भिंतीवर हातभर प्लॅस्टिकचा तुकडा चारी कडांनी चिकटपट्टीने बंद करून एक-दोन दिवस ठेवावा. पाण्याचे थेंब आतल्या बाजूस साचले तर पाणी भिंतीतून येत आहे. बाहेरच्या बाजूस साचले तर खोलीतील हवेतून. पावसाबरोबर वाढणारा डाग बाहेरच्या भिंतीचा दोष सांगतो, बारमाही डाग नळाचा किंवा मोरीचा. पहिल्या उन्हाळ्यात नाहीसा होऊन पुन्हा न येणारा डाग बहुधा बांधकामाच्याच पाण्याचा असतो. प्रत्येक नोंदीवर तारीख, मजला, दिशा आणि समोरच्या इमारतीचे अंतर लिहावे, छायाचित्र काढावे. ओल्या भिंतीवर लगेच ‘डॅम्पप्रूफ’ रंग मारून घेऊ नये. त्याने ओल झाकली जाते आणि पुरावाही. पाच वर्षांची मुदत तशीच ढकलून न्यायची असेल, तर असा रंग हा विकासकाचा आवडता उपाय ठरतो. तक्रार लेखी, पोच घेऊन आणि शक्यतो सोसायटीच्या नावाने करावी. तोंडी तक्रारीला कायदा ओळखत नाही.

दुसरे काम करारापूर्वीचे. पुनर्विकासाला निघालेल्या सोसायट्यांची सौदाशक्ती करारावर सही होईपर्यंतच असते. सभासद त्या काळात जादा फूट आणि कॉर्पसची रक्कम यांवर सारा जोर लावतात. बैठकांत कार्यकर्त्यांनी तीन कलमांचा आग्रह धरावा. जुन्या सभासदांच्या घरांना पाच वर्षांची दोषदुरुस्तीची हमी; गच्ची, संडास आणि न्हाणी यांत पाणी तुंबवून सभासदांसमक्ष चाचणी; आणि सहकार कायद्याच्या कलम ७९-अ खालील मार्गदर्शक सूचनांत जी बँक हमी आहे, तिचा काही भाग निदान दोन पावसाळे उलटेपर्यंत न सोडणे. ज्या सोसायट्यांना शक्य आहे त्यांनी स्वयंपुनर्विकासाचा मार्ग चोखाळावा. तेथे घाई करणारा आणि राहणारा एकच असल्याने भिंत सुकू द्यावी की नाही, याचा हिशेब निदान एकाच घरात होतो.

तिसरे काम मागणीचे, आणि ते रस्त्यावरचे व विधिमंडळातले दोन्ही आहे. पुनर्वसनाच्या प्रत्येक घराला रेराची पाच वर्षांची हमी कायद्यानेच लागू करा. भिंतींतील ओल मोजून ती ठरावीक मर्यादेत आल्याशिवाय भोगवटा प्रमाणपत्र देऊ नका. पुनर्वसनाच्या आणि विक्रीच्या इमारतींना उजेड-वाऱ्याच्या मोकळ्या जागेचा एकच नियम लावा. एकाच्या खिडकीपुढे बाग आणि दुसऱ्याच्या खिडकीपुढे बोळ, हा भेद नियमावलीतून काढा. यामुळे घरे महागतील, असे उत्तर येईल. महागणार नाहीत, आज जो खर्च रहिवासी औषधाच्या दुकानात आणि रंगाऱ्याला देतो, तो विकासकाच्या नफ्यातून आणि जमिनीच्या भावातून वळता होईल, इतकेच. ज्यांना तो फरक बोचेल ते विरोध करतील, आणि त्या विरोधाची तयारी ठेवूनच ही मागणी पुढे न्यावी लागेल.

येत्या पावसाळ्यापूर्वी आपल्या प्रत्येक शाखेने आपल्या प्रभागातील एक पुनर्वसनाची आणि एक विक्रीची इमारत निवडावी आणि शेजारी-शेजारी मोजणी करून तिचा तक्ता प्रभाग कार्यालयाच्या दारावर लावावा. ते आकडे आपले असतील, आणि महापालिकेला व सरकारला त्यांचे उत्तर द्यावे लागेल.